वाहतूक नव्हे, व्यापार : वसई तालुक्यातील वेठमुक्तीच्या लढ्याविषयी

बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली घमेले वाहणाऱ्या अकुशल मजुराला आपण 'बिगारी' म्हणतो. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला वसलेल्या माणिकपुरात गेल्या चाळीस वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या प्रत्येक मजल्यावर हा शब्द रोज शेकडो वेळा उच्चारला गेला असेल. तो उच्चारताना त्याचे मूळ कोणाच्या मनात येत नाही. फारसीतील 'बेगार' म्हणजे मोबदल्यावाचून, सक्तीने करून घेतलेले काम. आज रोजंदारी घेणाऱ्या मजुराला आपण जे नाव देतो, ते असे वेतन नाकारलेल्या माणसाचे नाव आहे. 'वेठ' ह्या शब्दाची कथाही वेगळी नाही. तो संस्कृत 'विष्टि'पासून आला, आणि ही विष्टि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. मराठीत मात्र 'वेठ मारणे' म्हणजे मन न लावता काम उरकणे असा अर्थ रूढ झाला. ज्याला फुकट राबवले त्याने काम नीट केले नाही, ही तक्रार भाषेने जपून ठेवली. त्याला फुकट का राबवले, हा प्रश्न जपला नाही. भाषेने येथे मालकाची बाजू घेतली असे आम्हांला वाटते.

हा शब्दविचार आरंभीच करण्याचे कारण असे की, प्रस्तुत विषय एका शब्दापाशी अडतो. 'मानवी तस्करी' म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते : रात्रीची गाडी, दूरच्या प्रांतातून फसवून आणलेली मुलगी, वसई-विरारच्या एखाद्या वसाहतीतील बंद सदनिका आणि पोलिसांचा छापा. हे चित्र खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे. ह्या गुन्ह्यासाठी पोलीस दलात जो विभाग असतो त्याचे मराठी नाव 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष' असे आहे. ह्या नावातील दोन्ही शब्द दिशाभूल करतात. 'अनैतिक' म्हटल्याने प्रश्न शोषणाचा न राहता शीलाचा होतो, आणि 'वाहतूक' म्हटल्याने असे भासते की माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला तरच गुन्हा घडला. माणिकपूरपासून काही मैलांवर, महामार्गाच्या पलीकडे तुंगारेश्वराच्या डोंगरापाशी आणि शिरसाडहून वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा जे आदिवासी पाडे आहेत, तेथे कित्येक पिढ्या माणसांचा व्यापार चालला आणि विकला गेलेला माणूस आपल्या पाड्यातून हललासुद्धा नाही.

भारतीय संविधानाने हा घोळ केलेला नाही. अनुच्छेद २३ एकाच वाक्यात माणसांच्या अपव्यापाराला, बिगारीला आणि तत्सम सक्तीच्या श्रमांना मनाई करतो. संविधानकर्त्यांनी ह्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, कारण त्या एकाच व्यवहाराची रूपे आहेत हे त्यांना ठाऊक होते. ह्या एकत्वाचे स्मरण वसई तालुक्यात कोणी ठेवले आणि कसे ठेवले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वसईचा इतिहास सांगताना आपण सहसा किल्ल्यापासून सुरुवात करतो. १५३४ मध्ये हा प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. ह्या दोन्ही तारखा शालेय पुस्तकांत आहेत. पोर्तुगीज सरदारांच्या घरी गुलाम राबत असत आणि पेशवाईतही माणसांची खरेदी-विक्री चाले, हे मात्र त्या पुस्तकांत क्वचितच येते. कुणबिणी आणि बटकी यांच्या व्यवहारांच्या नोंदी पेशवे दप्तरात आहेत. ध्वज बदलला तरी घरातील दासीचे जिणे बदलले नाही. इंग्रजी अमलात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला मिळणारी न्यायालयीन मान्यता काढून घेतली गेली आणि पुढे १८६० च्या दंडसंहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील दास्यविमोचन करणाऱ्या लोकांना अर्पण केले. कायद्याच्या पुस्तकातून नाहीशी झालेली गोष्ट समाजातून नाहीशी झालेली नाही, हे सांगण्यासाठी त्यांना सातासमुद्रापलीकडचा दाखला घ्यावा लागला. त्याच काळी ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात जमीनदारी आणि सावकारी हातांत हात घालून वाढत होती.

ह्या पट्ट्यात जी प्रथा रुजली तिला 'लग्नगडी' असे नाव होते. ती चाले ती अशी : वारली, कातकरी किंवा मल्हार कोळी तरुणाला लग्नासाठी पैसे लागत. ते सावकार किंवा जमीनदार देई. फेड करावयाची ती श्रमाने. पण श्रमाची किंमत किती, व्याज किती आणि कर्ज कधी फिटले, हे सारे धनकोच्या वहीत लिहिलेले असे आणि ऋणकोला अक्षरओळख नसे. त्यामुळे कर्ज फिटत नसे. लग्न करणारा पुरुष गडी होई. ज्या मुलीशी त्याचे लग्न लागले तीही, कोणताही करार न करता, त्याच घरची राबणारी होई. आणि पुढे त्यांची मुले मालकाची गुरे राखीत. 'गडी' हा मराठीतला किती आपुलकीचा शब्द! खेळातला सोबती तो गडी, बरोबरीचा मित्र तो गडी. त्याच शब्दाला 'लग्न' हा मंगल शब्द जोडून जी संस्था उभी राहिली ती दास्याची होती. माणूस विकत घेण्यासाठी येथे बाजार भरवावा लागला नाही. एका बोहल्याचा खर्च पुरेसा होता.

ह्या संस्थेला पहिला मोठा धक्का १९४५ मध्ये बसला. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले आणि २३ मे रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची प्रचंड सभा भरली. फुकट काम करावयाचे नाही आणि रोजाला बारा आणे मिळाल्यावाचून शेतीच्या कामाला जावयाचे नाही, असा निर्धार तेथून पसरला. लग्नगडी मोकळे होऊ लागले. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मृत्युमुखी पडले. ह्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात हा इतिहास लिहिला. १९७० मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. साहित्याच्या वर्गांत हे पुस्तक आत्मकथन म्हणून शिकवले जाते, ते योग्यच आहे. परंतु ते माणसांच्या व्यापाराविरुद्धच्या सामुदायिक प्रतिकाराचा मराठीतील एक मूलभूत दस्तऐवजही आहे. तसे ते वाचले जात नाही. डहाणू-तलासरीचा हा लढा जिल्ह्याच्या उत्तरेकडे झाला. दक्षिणेच्या वसई तालुक्यात तो त्या जोमाने पोहोचला नाही, आणि तेथे पुढची साडेतीन दशके वहीची सत्ता बव्हंशी अबाधित राहिली.

मधल्या काळात कायदा झाला. २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आलेला मानला जाणारा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा फेब्रुवारी १९७६ मध्ये संमत झाला. त्याची भाषा आजही वाचण्यासारखी आहे. प्रत्येक वेठबिगार ह्या कायद्याने मुक्त झाला. त्याचे वेठीशी जोडलेले कर्ज संपुष्टात आले. आणि ते वेठीचे कर्ज नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आली. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावी असेही त्यात सांगितले. देशभर रूढ असलेल्या ऋणदास्याच्या प्रकारांची नावे ह्या कायद्याने एका स्पष्टीकरणात गोळा केली आहेत : हाली, कामिया, जीता, पालेरू, सागरी, वेट्टी अशी तीसएक नावे. भारतीय भाषांतील दास्याचा तो एक लहानसा कोशच म्हणावा लागेल. त्या यादीत 'लग्नगडी' नाही. कायद्याची व्याख्या व्यापक असल्याने तो तिच्या कक्षेत येतो हे खरे. पण यादी करणाऱ्यांच्या कानांवर हा शब्द पडला नव्हता, हेही तितकेच खरे.

कानांवर न पडणे हाच ह्या प्रश्नातला खरा अडसर. १९७८-७९ मध्ये गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांनी केलेल्या पाहणीत दहा राज्यांत मिळून सुमारे २६ लाख वेठबिगार असल्याचा अंदाज निघाला, तेव्हा अनेक राज्य सरकारे आपल्याकडे ही प्रथा उरली नाही असे सांगत होती. सरकारला वेठबिगार दिसत नसे, कारण वेठबिगार स्वतःला वेठबिगार म्हणत नसे. तो म्हणे, मी अमक्याचा गडी. कर्ज घेतले, ते फेडतो आहे. ह्या उत्तरात त्याचे प्रामाणिकपण होते आणि त्याच प्रामाणिकपणावर सारा व्यवहार टिकून होता.

विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये 'विधायक संसद' आणि १९८२ मध्ये 'श्रमजीवी संघटना' स्थापन केली ती ह्या पार्श्वभूमीवर. वज्रेश्वरी रस्त्यावरील उसगाव हे ह्या कामाचे केंद्र झाले. त्यांच्या हाती नवा कायदा नव्हता. सहा वर्षांपूर्वीचा, पुस्तकात पडून असलेला कायदा होता. त्यांनी केलेले काम एका वाक्यात सांगायचे तर असे : जी गोष्ट रीत म्हणून चालत होती, तिला तिचे कायद्यातील नाव दिले. पाड्यावरच्या माणसाला तू गडी नाहीस, वेठबिगार आहेस, आणि वेठबिगार असल्यामुळेच तू कायद्याने केव्हाच मोकळा झाला आहेस, असे समजावणे हे काम वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात ते फार अवघड होते. कारण मोकळे होणे म्हणजे उद्याच्या भाकरीचा एकमेव आधार तोडणे, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो गावचा बलिष्ठ असे. एकट्या माणसाला हे धैर्य होणे शक्य नव्हते. म्हणून मुक्ततेआधी संघटना लागते. कायद्याने ठरवलेला क्रम ह्याच्या नेमका उलट आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटावी. वेठमुक्तीच्या प्रक्रियेचा कणा म्हणजे जबाब. अधिकाऱ्यासमोर माणसाने सांगायचे असते : कर्ज कोणाकडून घेतले, कशासाठी, किती, किती वर्षे राबलो, मोबदला काय मिळाला, काम सोडले तेव्हा काय झाले. ज्याचे आयुष्य आजवर दुसऱ्याच्या वहीत आकड्यांनी लिहिले गेले, तो प्रथमच ते स्वतःच्या तोंडाने, क्रमाने आणि चारचौघांत सांगतो. दलित आत्मकथनांविषयी आपण पुष्कळ लिहिले आहे. त्याच दशकांत ठाणे जिल्ह्यातील सरकारी दप्तरांत ही दुसरी आत्मकथने जमा होत होती. त्यांना वाङ्मय म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. पण वही आणि जबाब हे एकाच आयुष्याचे दोन परस्परविरोधी पाठ आहेत, आणि कायद्याने पुराव्याचा भार वहीवाल्यावर टाकून जबाबाला अग्रमान दिला, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असे वाटते. सर्वोच्च न्यायालयानेही ह्याच सुमारास हीच दिशा धरली. १९८२ मध्ये एशियाड बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले श्रम सक्तीचेच होत असा निर्णय झाला, आणि १९८३ च्या डिसेंबरात बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात, सक्तीचे श्रम दिसले की त्यामागे उचल किंवा कर्ज आहे असे गृहीत धरावे, असे सांगितले गेले. १९९९ मध्ये लंडनच्या 'अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल'ने पंडित दांपत्याला आपला पुरस्कार दिला. ही संस्था १८३९ मध्ये स्थापन झालेल्या दास्यविरोधी मंडळाची वारसदार. जोतीरावांनी अर्पणपत्रिकेतून ज्या जागतिक चळवळीकडे हात पुढे केला होता, तिने सव्वाशे वर्षांनी वसईच्या पाड्यांपर्यंत आपला हात आणला, असे म्हणता येईल.

ह्याच काळात रेल्वेच्या पश्चिमेला वेगळा इतिहास घडत होता. १९८८ मध्ये वसईचा मोठा भूभाग नागरी विकासासाठी खुला झाला. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. विहिरी, केळीच्या बागा आणि पाणी यांसाठीच्या त्या लढ्याने मराठी साहित्यात आपली जागा मिळवली, आणि दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माणिकपूर ह्या बदलाच्या केंद्रस्थानी होते. गाव पाहता पाहता नगर झाले. नवघर-माणिकपूर नगरपरिषद २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिकेत विलीन झाली. पश्चिमेच्या लोकांनी आपली जमीन बांधकामापासून वाचवण्यासाठी झगडावे आणि पूर्वेच्या लोकांनी आपली देहे, ही एकाच तालुक्याची एकाच दशकातील दोन चित्रे. त्यांची गाठ २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पडली. महापालिकेतून गावे वगळावीत ह्या मागणीसाठी पेटलेल्या पश्चिमपट्ट्याने विवेक पंडितांना अपक्ष म्हणून वसईतून निवडून दिले.

पण ह्या दोन चित्रांना जोडणारा दुवा ह्याहून जुना आहे, आणि तो विटेचा आहे. मुंबईच्या उत्तरेला वाढणाऱ्या ह्या उपनगरांना विटा आल्या त्या बव्हंशी भिवंडी, वाडा, शहापूर ह्या परिसरातील भट्ट्यांवरून. तेथे राबणारे बहुतेक कातकरी. लग्नगडी संपत आला तेव्हा त्याची जागा 'उचल' ह्या शब्दाने घेतली. पावसाळ्यात घरात दाणा नसतो. तेव्हा भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते. हजार विटांमागे दर ठरलेला. त्यातून आठवड्याला 'खावटी' मिळते. हिशेब पावसाच्या तोंडावर. हिशेबात बहुधा 'बाकी' निघते आणि ती पुढच्या वर्षीची बेडी होते. वही तीच, फक्त पहिल्या पानावरचा शब्द बदलला.

ह्या व्यवहारात मजुरीचे एकक 'जोडी' असते, म्हणजे नवरा-बायको. उचल पुरुषाच्या नावावर, श्रम दोघांचे, आणि बाईचे नाव कोठेच नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यात ह्याच एककाला 'कोयता' म्हणतात. तेथे तर दोन माणसे मिळून एक अवजार होतात. लग्नगड्याच्या बायकोने कोणताही करार केला नव्हता, आणि तिच्या नातीनेही केलेला नाही. मुले तर हिशेबाबाहेरच. ती विटा उलटतात. त्यांच्यासाठी विधायक संसदेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच 'भोंगाशाळा' सुरू केल्या. 'भोंगा' म्हणजे कच्च्या विटा रचून केलेली मजुराची तात्पुरती झोपडी. ज्या झोपडीच्या नावाने लोकांना हिणवले जाई, त्याच नावाने शाळा काढणे ह्यात मोठा अर्थ होता. वही वाचता येणारी पहिली पिढी तेथे घडावी, हा तो अर्थ.

कायद्याचे शब्द मात्र अजून डळमळते आहेत. भारताने माणसांच्या व्यापाराविषयीची संयुक्त राष्ट्रांची २००० ची संहिता २०११ मध्ये मान्य केली. तिच्या व्याख्येत सक्तीचे श्रम आहेत. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशाने दंडसंहितेचे कलम ३७० बदलले, तेव्हा शोषणाच्या व्याख्येत ते शब्द होते. काही आठवड्यांनी संसदेने कायदा केला तेव्हा ते गळाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही ते परतले नाहीत. दास्य आहे, दास्यसदृश प्रथा आहेत, आता भीक मागायला लावणेही आहे. भट्टीवरचे सक्तीचे श्रम मात्र 'दास्यसदृश' ह्या शब्दाच्या वळचणीला उभे आहेत. दुसरीकडे, २०१६ च्या पुनर्वसन योजनेने मुक्त पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, आणि लैंगिक शोषण वा अपव्यापारासारख्या अतिपीडेतून सुटलेल्यांना ३ लाख रुपये देऊ केले. पूर्ण रक्कम मात्र आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडली. म्हणजे कायद्याने जो माणूस केव्हाच मुक्त ठरला, त्याला हाती पैसा मिळण्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागते.

ही शब्दांची चर्चा पांडित्यापुरती नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्याच्या उभाडे गावातील दहा वर्षांची एक कातकरी मुलगी मरण पावली. ती मेंढपाळाकडे राबायला दिलेली होती. एक मेंढी आणि थोडेसे पैसे, असा तिचा मोबदला असल्याचे त्या वेळी उघड झाले. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरले, गुन्हा नोंदला गेला आणि तशाच रीतीने दिलेली आणखी मुले सापडत गेली. त्या मुलांना कोणी पळवले नव्हते. घरच्यांनी ती 'कामाला ठेवली' होती. किती साधे क्रियापद! लग्नगडी, उचल आणि 'कामाला ठेवणे' ह्यांत पाऊणशे वर्षांचे अंतर आहे, पण व्यवहार एकच आहे : भुकेच्या क्षणी दिलेल्या अल्प रकमेच्या बदल्यात माणसाचा काळ अमर्याद काळासाठी घेणे. ते ओळखले गेले, कारण ज्या संघटनेने चाळीस वर्षांपूर्वी 'गडी' ह्या शब्दाआड दास्य पाहिले होते, तिची नजर शाबूत होती.

ह्या इतिहासातून आम्ही एवढाच बोध घेतो. कायदा दास्याचे एक नाव रद्द करतो आणि दास्य दुसरे नाव धारण करते. नवे नाव ओळखण्याचे काम कायद्याला जमत नाही. ते शेजाऱ्यांना, शिक्षकांना, पाड्यावर येजा करणाऱ्यांना जमते. दिवाळीनंतर वर्गातला एखादा मुलगा दिसेनासा होतो आणि हजेरीपटावर त्याच्यापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत जातात. तो कोठे गेला, कोणाकडे गेला आणि त्याच्या घरी किती उचल आली, हे विचारणारा पहिला माणूस बहुधा शिक्षकच असू शकतो. मराठी भाषेच्या अध्यापकांकडे तर ह्यासाठी एक जास्तीचे साधन आहे. आपापल्या परिसरात माणसे कामाला 'ठेवण्यासाठी', 'लावण्यासाठी', 'बांधण्यासाठी' कोणकोणते शब्द वापरतात, त्यांची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. १९७६ च्या कायद्यातील यादी तीसएक शब्दांवर थांबली होती. आपले शब्द तिच्यात नव्हते.